‘बोल’ बटण झाकलं जातंय

प्रोग्रॅम चालू केला की माझी विंडो स्क्रीनवर क्षणभर दिसायची आणि मी नीट बघेपर्यंत गायब व्हायची. एरर नाही, तक्रार नाही. कुणीतरी दारात डोकावून, चुकीचं घर म्हणून मागे फिरावं तशी. सकाळपासून पंचवीस वेळा हेच झालं होतं आणि चहाचे तीन कप थंड झाले होते.

मी वीस वर्षं प्रोग्रॅम लिहिते आहे, पण सगळे पडद्यामागचे. एका गोदामात कुठलं खोकं कुठल्या फळीवर आहे याचा हिशेब ठेवणारे. बटण दाबल्यावर आत काय काय होतं ते मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन. पण ते बटण स्क्रीनवर बसवायचं कसं, हे मला येत नव्हतं. ऑफिसात त्यासाठी वेगळी माणसं होती आणि मी त्यांना ‘रंगारी’ म्हणून चिडवायचे. आता माझीच चांगली जिरली होती.

शेवटी मी एका चर्चामंचावर प्रश्न टाकला. डेस्कटॉपच्या विंडो, बटणं, मेनू यांच्यात अडकलेले लोक तिथे येतात आणि ज्यांना जमतं ते त्यांना सोडवतात. सात मिनिटांत उत्तर आलं. उत्तर देणाऱ्याचं टोपणनाव होतं ‘टेकू’.

“विंडो फंक्शनच्या आत बनवली आहे आणि तिला पॅरेंट दिलेला नाही,” टेकूने लिहिलं होतं. “फंक्शन संपलं की तिला धरून ठेवणारं कुणी उरत नाही. म्हणून मिटते. कुणीतरी धरून ठेवा.”

एक ओळ बदलली आणि विंडो उभी राहिली. रिकामी, करड्या रंगाची, पण उभी. मला एवढा आनंद झाला की मी खाली लिहिलं, ‘तुमचे फार फार आभार.’ पाच मिनिटांत ते पुसलं गेलं. मंचाचा नियमच होता तसा: प्रश्न आणि उत्तर सोडून काही लिहायचं नाही, आभार मानायचे नाहीत, उगाच पानं भरतात. व्यवस्थापक असले आभार रोज झाडून काढायचे. मी मनातल्या मनात मानले आणि कामाला लागले, कारण माझ्याकडे बारा दिवस होते.

बारा दिवस बाबांमुळे. दीड महिन्यापूर्वी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ आणि घसा गेला. डोकं शाबूत होतं. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बजावलं होतं, “त्यांच्यासमोर जपून बोला, त्यांना सगळं कळतंय.” नाकातून घातलेल्या नळीने पोटात अन्न जात होतं, पण ती नळी कायमची ठेवता येत नाही. पोटाला छोटं भोक पाडून तिथे नळी बसवायची, किंवा मग काहीच करायचं नाही. दोन्हीतलं काय ते बाबांनी ठरवायचं. पुढच्या महिन्याच्या चार तारखेपर्यंत.

“पापणी एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही,” असं आईने त्यांना दहा वेळा समजावून विचारलं. बाबांनी दर वेळी डोळे मिटले ते मिटलेच, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला मात्र वाटत होतं की हा नकार नाही. आमच्या बाबांनी उभ्या आयुष्यात कुठल्याच प्रश्नाला नुसतं हो किंवा नाही म्हटलेलं नाही. चहा घेणार का विचारलं तर आधी तो कुणी केलाय, कशात केलाय, इथून सुरुवात. अशा माणसाला दोन पापण्यांत जगायचं की नाही ते विचारायचं, म्हणजे त्याचा अपमानच.

त्यांना अख्खी वाक्यं हवी होती. डावा हात चालत होता, त्याची तर्जनी तर उत्तम. म्हणून मी त्यांच्यासाठी अक्षरांची विंडो बांधत होते: अक्षरावर बोट ठेवायचं, शब्द जुळवायचा, खाली ‘बोल’ हे मोठं बटण दाबायचं, की यंत्र ते मोठ्याने वाचणार. विकत मिळणारे प्रोग्रॅम आम्ही आणून बघितले होते. बाबांनी दोन अक्षरं दाबून हात मागे घेतला होता.

ऑफिसातून मी रजा घेतली. बाबांच्या खोलीत पलंग उजव्या भिंतीला लावलेला, उशामागे खिडकी, डाव्या बाजूला मी, आणि माझ्या पाठीमागे दार. बोटाने चालणारी स्क्रीन एका लोखंडी दांड्यावर बसवून त्यांच्या मांडीवर ओढून घेतलेली. माझा कीबोर्ड माझ्या गुडघ्यांवर.

मी अ, आ, इ, ई अशी शाळेतल्या तक्त्याप्रमाणे बटणं मांडली. सगळी एका मापाची, एका ओळीत, शिस्तीत. बाबांनी बघितलं, आणि इतके दिवस न हललेली त्यांची डावी भुवई वर गेली. लहानपणी माझी वही बघून जायची तशीच. मग त्यांनी डोळे मिटले.

मी टेकूला लिहिलं, की वापरणारा माणूस बटणं शोधून दमतो, काय करू? उत्तर आलं: “त्याचा हात आयुष्यभर कुठल्या क्रमाने चालला ते विचारा. तोच क्रम द्या.”

मी ते वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. बाबा जुळारी होते! छापखान्यात अडतीस वर्षं खिळे जुळवले. शिशाची अक्षरं लाकडी पेटीच्या खणांत असायची आणि त्यांचा हात त्यांच्यावरून न बघता फिरायचा. बघायची गरज त्यांना पहिल्या वर्षानंतर पडली नसेल. आणि ती पेटी घरात होती.

“आई, बाबांची खिळ्यांची पेटी कुठेय?”

“माझी बटणांची?” आई म्हणाली. “शिवणाच्या मशीनखाली. आणि सांडू नकोस, मला सगळी वेगळी करायला दोन दुपारी लागल्यात.”

छापखाना बंद झाला तेव्हा बाबांनी ती घरी आणली होती आणि आईने तिच्यात शर्टाची, पोलक्याची, कोटाची बटणं भरून ठेवली होती. पेटी टेबलावर ठेवून मी बटणं बाजूला सारली. प्रत्येक खणाच्या काठावर बाबांच्या अक्षरात, शाईने, एकेक अक्षर. काना सगळ्यात मोठ्या खणात, अगदी हाताशी. ‘र’ त्याच्या शेजारी. ‘ञ’ बिचारा वरच्या कोपऱ्यात, बोटही जेमतेम शिरेल एवढ्या खणात. मी मोजमाप घेऊ लागले. मोजता मोजता वाटलं, एवढ्या वेगवेगळ्या मापांच्या भानगडीत कशाला पडा, क्रम तेवढा घेऊ आणि माप सगळ्यांना सारखं देऊ.

स्क्रीनवर मंचाचं पान उघडंच होतं. त्यावर टेकूची आणखी एक ओळ आलेली होती.

“खण सारख्या मापाचे करू नका. तिथे आहेत तसेच ठेवा.”

मी पुन्हा वाचलं. ‘खण’ हा शब्द मी प्रश्नात लिहिला नव्हता. बटणं लिहिलं होतं. मग म्हटलं, जुना माणूस असेल, बटणांना खण म्हणत असेल. प्रश्न विचारताना आपण किती काय सांगून टाकतो ते आपल्यालाही कळत नाही. मी खण होते तसेच ठेवले.

त्या दुपारी बाबांनी पहिल्यांदा स्क्रीनवर बोट टेकवलं आणि ते फिरवलं. काही लिहिलं नाही. नुसतं बोट फिरवत राहिले, ओळखीच्या अंगणातून फिरावं तसं. आई दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. तिचे डोळे भरून आले होते आणि माझेही. टेकूचे आभार मानायला जागा नव्हती, म्हणून मी त्याच्या उत्तरापुढची ‘उपयोगी’ची खूण दाबली. ती एकदाच दाबता येते.

एव्हाना बाबांनी भिंतीकडे बघणं सोडलं होतं. तोंड डावीकडे, माझ्याकडे. म्हणजे अगदी माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून मागे. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “अशा दुखण्यात नजर एका बाजूला ओढली जाते. होईल हळूहळू सरळ.” मला ते पटलं.

पुढचे दिवस भराभर गेले. मी अडायचे, विचारायचे, टेकू सांगायचा. बोट थरथरून एकच अक्षर तीनदा उमटायचं. त्याने सांगितलं की बोट उचललं जाईपर्यंत दुसरा स्पर्श मोजू नका. यंत्राचा आवाज फार घाईत बोलायचा. तोही त्याने वळणावर आणून दिला. एकदाही वैतागला नाही, एकदाही ‘हे आधी शोधायला हवं होतं’ म्हणाला नाही. असली माणसं किती असतात? ज्याचं तोंड बघितलं नाही अशा माणसाबद्दल मला इतकी माया वाटेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

मग त्याने न विचारता लिहिलं: “सकाळी अकरापर्यंत अक्षरं दिसत नाहीत. उजेड पडतो. मागचा रंग गडद करा.”

खरं होतं. उशामागच्या खिडकीतून ऊन थेट स्क्रीनवर यायचं, बरोबर अकरापर्यंत. मी लिहिलं, ‘तुम्हाला कसं कळलं?’

“दिसतं.”

मी उठून स्क्रीनची मागची बाजू तपासली. कॅमेरा नव्हता. कॉम्प्युटर जुना, त्यालाही नव्हता. मी मंचावर टाकलेली चित्रं एकेक करून मोठी करून बघितली. त्यांत नुसती विंडो होती, खोलीचा कोपराही नव्हता. मग मी स्वतःला समजावलं, की बहुतेक घरांत सकाळी ऊन येतं आणि बहुतेक स्क्रीनवर पडतं. मागचा रंग गडद केला. बाबांना लगेच सोपं गेलं.

दुसऱ्या दिवशी टेकूने लिहिलं: “‘बोल’ बटण झाकलं जातंय. मध्ये काहीतरी येतंय.”

ही चूक मला माहीत होती, निदान पुस्तकातून. एका बटणावर दुसरी न दिसणारी चौकट येऊन बसते, आणि मग बटण असून नसल्यासारखं. माझा कोड टेकूने स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालवून बघितला असणार. मी अख्खा दिवस ती चौकट शोधली. प्रत्येक थराला भडक रंग देऊन बघितला. विंडो रंगपेटी सांडल्यासारखी दिसू लागली, पण ‘बोल’ बटणावर काहीच नव्हतं. मी तसं कळवलं.

“आहे. डावा खालचा कोपरा. कधी झाकतं, कधी सरकतं.”

“कधी सरकतं?” मी विचारलं.

“तुम्ही पाणी प्यायला मागे टेकता तेव्हा.”

मी बाटली खाली ठेवली. खोलीत बाबांचा श्वास आणि कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज. बाबा माझ्या खांद्यावरून मागे बघत होते.

मी वळून बघितलं. दार उघडं, बाहेर बोळ, बोळाच्या टोकाला स्वयंपाकघर. आई भांडी विसळत होती.

“आई, तू आत्ता इथे आली होतीस?”

“मी? नाही बाई. का गं?”

“काही नाही.”

बाबांना कुशीवर वळवायला नर्सताई आल्या, तेव्हा त्यांना वाट हवी म्हणून मी माझी खुर्ची पायथ्याकडे ओढली. त्या गेल्यावरही तिथेच बसले. कोडची एक ओळसुद्धा बदलली नव्हती.

पानावर नवी ओळ आली.

“आता दिसतंय.”

मध्ये येत होतं ते माझं डोकं होतं.

मी खरं सांगते, मला भीती वाटली. कॉम्प्युटरची तार उपटून टाकावी, बाबांना दुसऱ्या खोलीत न्यावं, असं सगळं डोक्यात आलं. पण चार तारीख परवावर आली होती. आणि जे कुणी होतं त्याने आजवर एकच काम केलं होतं: माझ्या बाबांची अक्षरं बाबांना दिसतील असं बघणं. मी तार उपटली नाही. खुर्ची मात्र परत पूर्वीच्या जागी नेली नाही. त्याला दिसत होतं, तर दिसू दे.

तीन तारखेला सकाळी मी बाबांना म्हटलं, “झालंय. आता तुम्ही.”

आई पलंगाशी येऊन उभी राहिली. पदराला हात पुसत होती, हात कोरडे होते तरी.

बाबांचं बोट उठलं. ‘ठ’वर गेलं. मग ‘म’. मग मात्रा. ‘बोल’.

“ठमे,” यंत्र म्हणालं.

मी त्रेचाळीस वर्षांची आहे. मला ठमे म्हणणारा जगात एकच माणूस आहे. मी तोंडावर हात घेतला आणि हमसून रडले. आई एकाच वेळी रडत होती आणि हसत होती.

बोट पुन्हा फिरू लागलं, आता सरावाने, स्क्रीनकडे न बघता.

“टाइप गचाळ आहे. बदल.”

“बदलते, बाबा. आजच बदलते.”

“नळी बसवा. मला अजून भांडायचंय.”

आई मटकन पलंगावर बसली. “भांडा,” ती म्हणाली. “खुशाल भांडा. मी कुठे जातेय?”

बाबांनी बोट खाली ठेवलं. दमले होते. मला वाटलं, आजच्यापुरतं पुरे. मी स्क्रीन बाजूला सरकवायला हात घातला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. मग पुन्हा लिहू लागले.

“त्याला खुर्ची दे.”

“कुणाला, बाबा?”

“रोज उभाच असतो.”

आई माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे.

बाबा दाराकडे बघत होते. घाबरलेले नव्हते. पाहुणा ताटकळला की घरच्या माणसाच्या तोंडावर येतो तेवढा संकोच, बस्स.

आई उठली. स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून आणली, पदराने पुसली, आणि दाराच्या आत ठेवली.

“बसा,” ती म्हणाली, भिंतीकडे बघत. मग जरा वेळाने, “फार उपकार झाले तुमचे.”

काही झालं नाही. पंखा वाजत होता.

मी मंचाचं पान उघडलं. नियम मला पाठ होता, तरीही लिहिलं: ‘आज बाबा बोलले. नळी बसवायला हो म्हणाले. तुमचे आभार कसे मानू ते मला कळत नाही, पण मानते.’

पाच मिनिटांत व्यवस्थापकाने ते पुसलं. पुसलेल्या जागेखाली टेकूचं उत्तर मात्र तसंच राहिलं, कारण ते आभारांबद्दल नव्हतंच.

“बसल्यापासून वरची ओळ चमकते. स्क्रीन जरा खाली घ्याल का?”

मी दाराकडे बघितलं नाही. दांड्याचा स्क्रू सैल केला आणि स्क्रीन दोन बोटं खाली घेतली.

बाबा दाराशी ठेवलेल्या खुर्चीकडे बघत थोडा वेळ थांबले. मग त्यांचं बोट हललं.

“अजून थोडी, म्हणतो.”